गंगथडीची सायकल सफर आणि नऊ बाटल्या पाणी : एका प्रकरणाचा अभ्यास

मे महिन्यात पैठणहून नांदेडपर्यंत गोदावरीच्या काठाकाठाने सायकलने जायचे, असा बेत आम्ही चार मित्रांनी आखला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी सोनपेठ आणि गंगाखेड यांच्या दरम्यान आमच्यापैकी एक जण रस्त्याच्या कडेला बसला. थोड्या वेळाने त्याला आपण कोठे आहोत हे सांगता येईना, आणि त्या संध्याकाळी तो अतिदक्षता कक्षात होता. त्याला ऊन लागले असे आम्ही गृहीत धरले होते आणि उन्हावरचा आम्हाला ठाऊक असलेला एकच उपाय, म्हणजे पाणी, आम्ही त्याला देत राहिलो. प्रत्यक्षात त्याच्या जिवावर बेतले होते ते पाण्यामुळेच.

हा मित्र आज ठणठणीत आहे. त्याने हे लेखन वाचले आहे आणि नाव न देण्याच्या अटीवर संमती दिली आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. रक्तातील क्षारांचे संतुलन दरवर्षी फळ्यावर मांडतो. तरीही डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट मला ओळखता आली नाही, म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

मंडळी आणि मार्ग

आम्ही चौघे विद्यार्थीदशेत एकाच वसतिगृहात राहिलेलो. एक गंगाखेड तालुक्यातील शेतकरी, एक लातूरचा कापड दुकानदार, एक पुण्यात संगणक अभियंता आणि मी परभणीचा. सायकलचा खरा सराव होता तो पुण्याच्या मित्राला. दर रविवारी पहाटे निघून तो साठ किलोमीटर करून उन्हे चढण्याआधी घरी परतत असे. शेतकरी मित्राची सायकल चौघांत सर्वांत जड होती आणि तिला गिअर नव्हते. कोणाला जपावे लागेल याविषयीचा आमचा सगळा अंदाज या दोन सायकलींकडे पाहून बांधलेला होता, आणि तो साफ चुकीचा निघाला.

मार्ग असा ठरला: पहिल्या दिवशी पैठण, आपेगाव, शहागड आणि तेथे पूल ओलांडून गेवराई; दुसऱ्या दिवशी माजलगाव, ढालेगावचा बंधारा आणि पाथरी; तिसऱ्या दिवशी मुदगल, सोनपेठ, गंगाखेड; चौथ्या दिवशी पालम, लोहा आणि नांदेड. एकूण अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत संत एकनाथांचे पैठण, ज्ञानेश्वरांचे आपेगाव, जनाबाईंचे गंगाखेड आणि शेवटी नांदेडचा गुरुद्वारा, अशी ही वाट आहे. मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिच्या दोन्ही काठांच्या पट्ट्याला गंगथडी. या नावातच इतका गारवा आहे की बेत आखताना मे महिना आड येईल असे कोणाला वाटले नाही.

येथे एक गैरसमज स्पष्ट केला पाहिजे, कारण आमच्या चुकांची सुरुवात तेथूनच झाली. नदीकाठची सफर म्हणजे सावली आणि पाण्यावरून येणारी झुळूक, असे चित्र आमच्या डोळ्यांसमोर होते. १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणानंतर गोदावरीचे उन्हाळ्यातील पाणी मुख्यतः कालव्यांतून वाहते. एकटा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. नदीच्या पात्रात मे महिन्यात बंधाऱ्यांच्या मागे साठलेले पाणी असते आणि एरवी मैलोन् मैल वाळू व उघडे खडक. रस्ता तर नदीला लागून जातच नाही. तो काळ्या रानातून जातो, नांगरून तापत ठेवलेल्या शेतांमधून, जेथे बांधावरच्या बाभळीची सावली तिच्या बुंध्यापलीकडे फारशी सरकत नाही. काळी जमीन दिवसभर उष्णता पिते आणि अंगावर फेकते. तीन दिवसांत नदी आम्हाला दिसली ती बहुतेक पुलांवरून.

हवामान खात्याचा इशारा नव्हता, हेही नोंदवतो. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तेव्हा उष्णतेची लाट धरली जाते. मराठवाड्यात मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या वर असल्यामुळे ४२ अंशांचा दिवस येथे लाटेत मोडत नाही. ते नेहमीचे ऊन समजले जाते. मात्र ते नेहमीचे असते येथे राहणाऱ्या शरीराला.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवसाविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. पहाटे साडेपाचला पैठण सोडले, आपेगावला दर्शन घेतले, अकराच्या आत शहागडला पोहोचलो आणि दुपार एका मंगल कार्यालयाच्या ओसरीत काढून संध्याकाळी गेवराई गाठली. वारा पश्चिमेकडून म्हणजे पाठीमागून होता, त्यामुळे सायकली सहज पळत होत्या आणि सगळे खुशीत होते.

पाण्याचा नियम मी घालून दिला होता. दर अर्ध्या तासाने मोबाइलचा गजर वाजे आणि प्रत्येकाने पाऊण लिटरच्या बाटलीतील अर्धी बाटली संपवायची, तहान असो वा नसो. ‘तहान लागली म्हणजे उशीर झाला’ हे वाक्य मी कोठेतरी वाचले होते आणि ते मला पूर्ण पटले होते. शेतकरी मित्र हा नियम मनावर घेत नसे. तो तहान लागली की पीत असे, सकाळी भाकरी, ठेचा आणि कांदा खाऊन निघत असे आणि जेथे मिळेल तेथे मीठ घातलेले ताक घेत असे. पुण्याचा मित्र मात्र शिस्तीचा. तो गजर होताच पिई आणि मधल्या वेळेतही पिई, कारण डोके जड वाटले की ते पाणी कमी पडल्याचे लक्षण आहे, असे मीच त्याला सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाथरीत त्याने मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला. मी शेजारीच बसलो होतो. पट्ट्याखालच्या कातडीवर खोल वळ उठला होता आणि बोटे किंचित सुजलेली दिसत होती. ‘उन्हाने हात सुजतात रे,’ तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. त्याच्या काळ्या टी-शर्टवर पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यांच्या कडेने मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, आमच्या तिघांच्या कपड्यांवर नव्हत्या इतक्या ठळक. त्या रात्री गुडघा दुखतो म्हणून त्याने जेवणानंतर वेदनाशामक गोळी घेतली आणि पहाटे निघताना आणखी एक. घड्याळाचा पट्टा, मिठाच्या रेघा आणि गोळी, या तीन गोष्टी मी पाहिल्या होत्या; त्यांचा एकमेकींशी संबंध असेल हे मनात आले नाही.

तिसरा दिवस

पाथरीहून सहाला निघालो. मुदगलला नदीच्या पात्रातील मुद्गलेश्वराचे मंदिर आणि बंधाऱ्यामागचे भरलेले पाणी पाहून मन इतके रमले की तेथे दीड तास गेला. वास्तविक तेव्हाच पुढचा टप्पा संध्याकाळवर टाकायला हवा होता. परंतु गंगाखेड शेतकरी मित्राच्या गावाजवळचे, त्याच्या घरी जेवणाची तयारी झालेली, आणि पाठीवर वारा. त्यामुळे आम्ही पुढे निघालो.

पाठच्या वाऱ्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण सायकलस्वाराला तो मित्र वाटतो. ताशी पंधरा किलोमीटरने आपण पुढे जात असताना वाराही त्याच दिशेने पंधराच्या वेगाने येत असेल, तर अंगाभोवतीची हवा जवळजवळ थांबलेली असते. पाय पळत असतात, पण घाम वाळवून अंग थंड करणारी हवा मिळत नाही. समोरच्या वाऱ्यात दमछाक होते, तरी घाम आपले काम करतो. त्या दिवशी सोनपेठपर्यंत आम्ही जणू कोंडलेल्या हवेतच चाललो होतो.

सोनपेठ सोडल्यावर साधारण बाराच्या सुमारास एका वस्तीवर थांबलो. ओसरीवर बसलेल्या आजींनी माठातले पाणी दिले आणि आत जाऊन ताकाची कळशी आणली. पुण्याच्या मित्राने पोटावर हात ठेवला. ‘आजी, पोटात जागा नाही, पाण्याने गच्च भरलंय.’ त्यावर आजी म्हणाल्या, ‘मग पाणी कशाला पितोस लेकरा? मीठ टाकून घोटभर ताक घे, नाहीतर काहीच घेऊ नको.’ बाहेरचे ताक पोटाला बाधेल अशी मला शंका होती, म्हणून मीही आग्रह केला नाही. पुढे रुग्णालयात डॉक्टरांनी जो विचार सांगितला, तो यापेक्षा वेगळा नव्हता.

पाऊण वाजता तो मागे पडू लागला. डोके ठणकते आहे, मळमळते आहे, असे म्हणत एका लिंबाच्या झाडाखाली बसला. मी लगेच बाटली पुढे केली. त्याने घेतली, आणि पाच मिनिटांत उलटी झाली. उलटीत अन्नाचा कण नव्हता, नुसते स्वच्छ पाणी होते. मी डोक्यावर पाणी ओतले, ओला पंचा मानेवर ठेवला आणि पुन्हा बाटली दिली. तेव्हा शेतकरी मित्राने माझा हात धरला. ‘अरे, याच्या पोटात पाणीच पाणी आहे. अजून कुठं ओततोस?’ मी त्याचे ऐकले नाही. आणखी अर्धी बाटली मी त्याला पाजली. हे लिहिताना आजही हात थबकतो.

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडून विचारले, ‘शहागड आलं का?’ शहागड दोन दिवसांपूर्वी मागे पडले होते. त्या प्रश्नाने आम्ही तिघेही भानावर आलो. लातूरच्या मित्राने १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका निघाली, पण अंतर होते. तेवढ्यात टरबुजे घेऊन गंगाखेडच्या बाजाराला निघालेला एक छोटा हत्ती आला. चालकाने एक शब्दही न विचारता मागची टरबुजे एका बाजूला सारली, ताडपत्रीची सावली केली आणि आम्ही मित्राला कुशीवर निजवून निघालो.

निदान

गंगाखेडच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘सकाळपासून पाणी किती प्यायलं?’ मला अभिमानाने सांगता आले, कारण मोजणी माझ्याकडे होती. नऊ बाटल्या, म्हणजे पावणेसात लिटर. ‘आणि लघवी?’ ती सकाळी पाथरीत झाली, त्यानंतर नाही. डॉक्टरांनी काखेतील तापमानावर विसंबून न राहता गुदद्वारातून तापमान घेतले. उष्माघातात शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. येथे ते ३८ च्याही खाली होते. रक्तातील सोडियमचे प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असायला हवे. त्याचे १२४ आले.

घाम आणि पाणी यांचा हिशेब असा आहे. घामातून पाण्याबरोबर मीठ जाते. त्याच्या जागी नुसते पाणी, आणि तेही गेले त्याहून जास्त भरले, तर रक्त पातळ होते. पातळ रक्तातील पाणी पेशींमध्ये शिरते आणि पेशी फुगतात. बोटे फुगली तर घड्याळाचा पट्टा आवळतो. मेंदू फुगला तर त्याला पसरायला जागा नसते, कारण भोवती कवटी आहे. म्हणून डोकेदुखी, मळमळ, भ्रम आणि पुढे झटके. तासन् तास चालणाऱ्या श्रमांत शरीर पाणी धरून ठेवण्याचा संदेश मूत्रपिंडांना देत असते, त्यामुळे जास्तीचे पाणी लघवीवाटे लवकर बाहेरही पडत नाही.

उपचाराच्या वेळी मला आणखी एक धक्का बसला. आपल्याकडे अशक्त माणूस रुग्णालयात आणला की नातेवाईक ‘सलाईन लावा’ म्हणतात, आणि ग्लुकोजची बाटली टांगली की निश्चिंत होतात. मीही तेच म्हणालो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की ग्लुकोजची बाटली या रुग्णाला विषासारखी आहे, कारण साखर वापरली गेल्यावर शरीरात उरते ते पुन्हा पाणीच. त्यांनी मिठाचे ३ टक्के तीव्रतेचे द्रावण, केवळ १०० मिलिलिटर, दिले, गरज पाहून तेवढेच एकदा पुन्हा दिले आणि तोंडाने पाणी पूर्ण बंद ठेवले. रात्री आठनंतर त्याला भरपूर लघवी होऊ लागली. दहा वाजता त्याने माझ्याकडे पाहून विचारले, ‘माझी सायकल कुठे आहे?’ मी बाहेर जाऊन बराच वेळ पायऱ्यांवर बसून राहिलो.

त्यालाच का झाले

चौघे एकाच रस्त्याने, एकाच उन्हात होतो. मग चौघांतला सर्वांत तयार गडी का पडला? याची उत्तरे मी नंतर डॉक्टरांशी बोलून आणि स्वतःच्या विषयाकडे पुन्हा वळून शोधली.

पहिले कारण सवयीचे. उन्हात रोज काम करणारे शरीर एक-दोन आठवड्यांत बदलते: घाम लवकर येतो, जास्त येतो, आणि मुख्य म्हणजे त्यातील मीठ कमी होते, कारण घामाच्या ग्रंथी ते परत शोषून घेऊ लागतात. शेतकरी मित्राचे शरीर अक्षय तृतीयेच्या आधीच या कामाला लागलेले होते. पुण्याचा मित्र वातानुकूलित कार्यालयातून निघून दोन दिवसांत पैठणला उभा राहिला होता. त्याचा पहाटेचा सराव पायांचा होता, घामाचा नव्हता. टी-शर्टवरच्या पांढऱ्या रेघा हेच सांगत होत्या. ढोबळ अंदाज करायचा, तर त्या सकाळी साडेचार लिटर घाम गेला असेल आणि लिटरमागे तीन ग्रॅम मीठ गेले असेल, तर तेरा-चौदा ग्रॅम मीठ गेले. भरून आले ते न्याहारीच्या पोह्यांतले चिमूटभर.

दुसरे कारण वेदनाशामक गोळी. आयबुप्रोफेनच्या वर्गातील गोळ्या मूत्रपिंडांची जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याची क्षमता कमी करू शकतात, म्हणून लांबच्या श्रमांत त्या टाळाव्यात असे डॉक्टर सांगतात. गोळीचा वाटा किती होता हे मोजता येत नाही. पण तो असण्याची शक्यता डॉक्टरांनी नाकारली नाही.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण माझा गजर. येथे मला अगदी नेमके लिहायचे आहे, कारण हे प्रकरण ऐकून काही जणांनी ‘म्हणजे मीठ घातलेले पाणी हवे तितके प्यावे’ असा अर्थ काढला. तो चुकीचा आहे. जलसंजीवनीचे पाकीटसुद्धा रक्तापेक्षा बरेच पातळ असते. लिटरमागे त्यात सोडियम ७५ मिलिमोल असते, रक्तात १४०. गरजेपेक्षा जास्त प्यायले तर तेही रक्त पातळच करील, फक्त सावकाश. मुळातला दोष पिण्याच्या अतिरेकात आहे आणि मिठाची तूट त्याला हातभार लावते. आम्ही रमतगमत चाललो होतो, त्यामुळे घाम माझ्या अंदाजापेक्षा कमी येत होता. वेळ मात्र सहा-सात तासांचा होता आणि प्रत्येक तासाला थोडे जास्त पाणी साठत गेले. तहान नावाची जी व्यवस्था शरीराला आहे, ती निरोगी माणसात या कामासाठी पुरेशी आहे. मी ती गजराने दाबून टाकली.

उलट अर्थही कोणी काढू नये. मराठवाड्यात उन्हाळ्यात माणसे दगावतात ती बहुतांशी पाणी न मिळाल्याने आणि उष्माघाताने. ऊसतोडीच्या, रोजगार हमीच्या आणि वीटभट्टीच्या कामावरील मजुराला ‘पाणी कमी पी’ असे सांगणे हा गुन्हा ठरेल. ज्याचे अंग भाजत आहे आणि जो बरळतो आहे, त्याला रुग्णालयाची वाट न पाहता आधी जागीच थंड करावे लागते: सावली, अंगभर पाणी, वारा. फरक ओळखायचा तो अंगाला हात लावून आणि किती प्यायले हे विचारून. आमच्या मित्राचे अंग तापलेले नव्हते, त्याची बोटे सुजली होती आणि उलटीत पाणी होते. सगळी उत्तरे समोर होती. आम्ही प्रश्नच विचारले नाहीत.

राहिलेला टप्पा

गंगाखेड ते नांदेड हा टप्पा त्या वर्षी राहून गेला. पुढल्या उन्हाळ्यात तो पूर्ण करायचा आग्रह त्याचाच होता. या वेळी तो दहा दिवस आधी गंगाखेडला येऊन राहिला आणि रोज सकाळी शेतकरी मित्राबरोबर शेतात गेला. पहाटे साडेचारला निघायचे आणि साडेनऊला, कोठेही असलो तरी, सायकल भिंतीला लावायची, हे ठरले. गजर नव्हता. दोन बाटल्यांपैकी एकीत पाणी, दुसरीत लिंबू, साखर आणि मीठ. आणि पिण्याचा निर्णय ज्याचा त्याच्या तहानेचा.

एक गोष्ट नवी केली, ती डॉक्टरांनी सुचवली होती. निघताना आणि थांबल्यावर वजन करायचे. थोडे घटले तर ठीक, खूप घटले तर पाणी कमी पडले, आणि वाढले तर धोक्याची खूण. प्रवासात वजनकाटा कोण बाळगणार, म्हणून गंगाखेडला निघताना शेतकरी मित्राच्या घरच्या धान्याच्या काट्यावर उभे राहिलो आणि लोह्याला एका आडत दुकानात विनंती केली. हमालांनी पोती बाजूला केली. पुण्याचा मित्र त्या लोखंडी काट्यावर चढला तेव्हा आम्ही तिघे वाकून आकडे वाचत होतो. गंगाखेडला ७१ किलो ८०० ग्रॅम होते, लोह्याला ७१ किलो १०० ग्रॅम भरले. आडत्याने पुन्हा एकदा काटा तपासून तोच आकडा मोठ्याने सांगितला. मित्राने डावा हात पुढे करून मला घड्याळ दाखवले. पट्टा त्याच भोकात होता.